पडदा बदलला तरी आवाज तोच राहावा

तबल्याची पुडी फाटली म्हणून कोणी तबला टाकून देत नाही. खोड तेच राहते, गट्टे बहुधा जुनेच असतात. शाई घातलेली नवी पुडी चढवायची, वादी ओढायची, हातोडीने कडा ठोकून स्वर जमवायचा, की तबला पुन्हा बोलू लागतो. मात्र बोलू लागला म्हणजे काम संपले असे नाही. ज्याच्या हाताखाली तो वीस वर्षे होता तो तबलजी एक थाप मारतो, कान देतो, आणि एक तर समाधानाने मान हलवतो किंवा म्हणतो, "हा माझा तबला नव्हे." पुडी नवी घालूनही तबला तोच ठेवणे, हे कारागिराचे खरे कसब.

आज ज्या यंत्राविषयी लिहावयाचे आहे त्याची कथा थेट अशीच आहे. ते यंत्र म्हणजे स्थिरविद्युत स्पीकर. गाणे ऐकण्याचा ज्यांना मनापासून नाद आहे, अशा घरांतून त्याची एखादी जुनी जोडी आजही जिवापाड जपलेली असते. प्रथमच पाहणारा त्याला स्पीकर म्हणणार नाही. ना लाकडी पेटी, ना काळा गोल शंकू. आखूड पायांवर उभी असलेली, किंचित मागे रेललेली, पुढून कमानीसारखी फुगीर अशी एक धातूची जाळी. थंड देशांत खोली उबदार ठेवण्यासाठी भिंतीशी जे उष्णक बसवितात, त्यांच्यापैकीच हा एक असावा असे वाटते. पण तबकडी लावली आणि गवयाने षड्ज लावला, की ऐकणारा जागच्या जागी थबकतो. आवाज यंत्रातून येतो आहे असे वाटतच नाही. जाळीच्या मागे कोणी बसले आहे असा भास होतो.

या स्पीकरांतील सर्वांत नामांकित जो, त्याचा जन्म इंग्लंडातील हंटिंग्डन या लहान गावी झाला. पीटर वॉकर या गृहस्थांनी १९३६ साली लंडनमध्ये ध्वनियंत्रे बनविण्याचा धंदा काढला होता. महायुद्धातील बॉम्बवर्षावात जागा गेली, तेव्हा १९४१ साली ते हंटिंग्डनला आले आणि तेथेच स्थिरावले. त्यांच्या मालाचे 'क्वाड' हे नाव पुढे जगभर झाले. १९४७ साली ज्यांच्या ॲम्प्लिफायरच्या रचनेने ध्वनिक्षेत्रात खळबळ उडविली ते विल्यमसन या नव्या स्पीकरच्या कामी त्यांचे सहकारी होते. १९५५ साली 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात लेखमाला लिहून वॉकर यांनी आपल्या स्पीकरमागचे शास्त्र मोकळेपणाने मांडले आणि १९५७ साली स्पीकर विक्रीस आला. तो १९८५ पर्यंत तयार होत होता. एकूण नगांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली. वॉकर २००३ साली निवर्तले. यंत्रे मात्र अजून गात आहेत; निदान ज्यांना वेळेवर योग्य हात लाभला ती तरी.

योग्य हात म्हणजे काय, हे कळण्यासाठी या यंत्राची आतली रचना थोडी समजून घेतली पाहिजे. नेहमीच्या स्पीकरात कागदाचा शंकू असतो. त्याच्या बुंध्याशी तारेचे वेटोळे व भोवती लोहचुंबक. वेटोळे हलले की शंकू ढकलला जातो आणि शंकू हवेला ढकलतो. शंकूला धक्का बसतो तो एका जागी, आणि हलायचे असते ते सबंध अंगाने. त्यामुळे बुंधा पुढे गेला तरी कड रेंगाळते, शंकूला स्वतःचे थरथरणे जडते, आणि मूळ आवाजात थोडासा शंकूचाही आवाज मिसळतो.

स्थिरविद्युत स्पीकरात शंकूही नाही आणि लोहचुंबकही नाही. अत्यंत पातळ प्लॅस्टिकचा एक पडदा चौकटीवर ताणून बसविलेला असतो. त्याच्या पुढे आणि मागे, मध्ये अगदी थोडी फट ठेवून, भोके पाडलेला एकेक ताठ पत्रा असतो. त्याला आपण जाळी म्हणू. पडद्यावर कायम विद्युत्भार ठेवलेला असतो. गाण्याचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरने पुष्कळ वर चढवून दोन्ही जाळ्यांना दिला, की एक जाळी पडद्याला ओढते आणि त्याच क्षणी दुसरी ढकलते. ही ओढ पडद्याच्या एखाद्या बिंदूवर नसते. साऱ्या अंगावर सारखी असते. त्यामुळे रेंगाळणारी कडच उरत नाही.

पडदा किती पातळ असावा? मायलर नावाचे जे प्लॅस्टिक या कामी वापरतात, त्याचा सहा मायक्रॉन जाडीचा पडदा घेतला तर तो माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका भरतो. अशा एक चौरस मीटर पडद्याचे वजन सुमारे आठ ग्रॅम. म्हणजे त्याच्या अंगाशी असलेल्या अवघ्या सात मिलिमीटर जाडीच्या हवेच्या थराइतके! हवेला हलवायचे ते जवळजवळ हवेनेच. आवाजातल्या त्या निर्मळपणाचे इंगित हे, आणि पुढे वर्णन करावयाच्या सगळ्या दुखण्यांचे मूळही हेच. जे इतके हलके ते तितकेच नाजूक असणार.

हंटिंग्डनच्या स्पीकरात असे तीन भाग असतात. मधला उंच स्वरांचा आणि दोन बाजूंचे खर्जाचे. मधल्या पडद्यावर सुमारे १५०० व्होल्टचा दाब असतो, खर्जाच्या पडद्यांवर सुमारे ६००० व्होल्टचा. घरातल्या विजेवरून हा दाब तयार करणारी डायोड-कपॅसिटरांची एक साखळी तळाशी बसविलेली असते. या स्पीकरला गाण्याच्या तारेखेरीज विजेचीही तार लागते ती याचसाठी.

आता दुखण्यांकडे वळू. पहिले दुखणे मालकाच्या उत्साहाचे. या स्पीकरला गाण्याच्या तारेतून ३३ व्होल्टपेक्षा उंच लाट सोसत नाही. वॉकर यांचा स्वतःचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर १५ वॉटचा होता आणि त्याच्याशी याचा संसार सुखाचा होता. पुढे ट्रान्झिस्टरचे शंभर-शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर आले. आठ ओहमच्या भारावर शंभर वॉट देणारे यंत्र ४० व्होल्टच्या लाटा सहज उठविते. एखाद्या रात्री मंडळी जमतात, कोणीतरी आवाज वाढवितो, 'टच्च' असा नाद होतो, आणि मधल्या पडद्याला टाचणीएवढे भोक पडते. त्या भोकाच्या कडा जळून कोळसा होतात, कोळशातून वीज वाट काढते, आणि मग हळू आवाजातही ठिणगी उडू लागते.

दुसरे दुखणे धुळीचे. ज्यावर विद्युत्भार आहे त्याकडे धूळ आपोआप ओढली जाते. म्हणून जाळ्यांच्या बाहेरून आणखी एक पातळ प्लॅस्टिकचे आवरण घातलेले असते. ते फाटले की धूळ, केस, प्रसंगी एखादे चिलटसुद्धा फटीत शिरते आणि विद्युत्भाराला गळतीची वाट मिळते. तिसरे दुखणे दमट हवेचे. धुळीच्या थराला ओल लागली की तो वीज वाहू लागतो. मग कोरड्या दिवसांत ठणठणीत असलेला स्पीकर पावसाळ्यात सुसू करतो, पुटपुटतो आणि आवाजाने खाली बसतो. चौथे दुखणे निव्वळ वयाचे. डिंक सुटतो, पडद्याचा ताण उतरतो, लेप झिजतो, दाब तयार करणारी साखळी म्हातारी होते.

रोग कोठे आहे हे ठरविण्याआधी स्पीकर उघडणे म्हणजे नाडी न पाहता शस्त्र चालविणे होय. जाणते लोक आरंभ अगदी साध्या गोष्टीने करतात. डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करायची. दोष तारेबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर स्पीकर निर्दोष आहे. आजारी आहे तो ॲम्प्लिफायर. दोष जागीच राहिला, तरच स्पीकरकडे वळायचे. त्यानंतर खोलीत पूर्ण काळोख करून हळू आवाजात गाणे लावायचे आणि जाळीकडे पाहत बसायचे. निळसर ठिणगी दिसली तर जागा कळली. नुसताच आवाज कमी असेल आणि ठिणगी नसेल, तर विद्युत्भारच पुरेसा पोहोचत नसावा असा संशय घ्यायचा.

येथे नवशिके हमखास फसतात. ते नेहमीचा मीटर लावून दाब मोजतात, तो पुष्कळ कमी दिसतो, आणि साखळी बिघडली असा निवाडा देऊन मोकळे होतात. वस्तुतः साखळी इतका अल्प प्रवाह देते की तो मीटरच तिला पिऊन टाकतो. एवढ्यासाठी हजार मेगओहमसारखा प्रचंड रोध असलेली खास सळई मीटरला जोडावी लागते. मोजणाऱ्यानेच मोजायची वस्तू बिघडवू नये, ही शिकवण केवळ विजेपुरती नाही.

येथेच एक इशारा. ज्यांना उच्च दाबाच्या विजेचा सराव नाही त्यांनी हे यंत्र उघडू नये. बटण बंद करून तार काढली तरी कपॅसिटरांत भार शिल्लक राहतो. तो योग्य रोधातून उतरविल्याशिवाय आत बोट घालणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. दुसरे असे की गाणे चालू असताना बाहेरच्या जाळ्यांवरही धोक्याचा दाब असतो. आवाज आणखी मोकळा व्हावा म्हणून पुढची धातूची जाळी काढून ठेवण्याची टूम काही हौशी मंडळींत आहे. ज्या घरात लहान मुले, मांजर किंवा जिज्ञासू पाहुणा येण्याचा संभव आहे त्या घरात तरी ही टूम चालवू नये.

आता मुख्य शस्त्रक्रिया. बिघडलेला भाग बाहेर काढून त्याचे दोन्ही अर्ध उकलतात. फाटका पडदा सोलून काढतात, जुना डिंक खरवडतात, जाळ्या पुसून स्वच्छ करतात. ज्या जागी ठिणगी पडली होती तेथला कोळसा कणभरही राहता कामा नये. तो खरडून तेथे विद्युतरोधक वार्निशाचा हात द्यावा लागतो. नवा पडदा कितीही उत्तम घातला आणि कोळसा तसाच ठेवला, तर पहिल्याच मैफलीत पूर्वीच्या जागी पुन्हा भोक पडते. जाळी वाकली असेल तर ती सरळ करावी लागते, कारण फट सगळीकडे सारखी असणे हा या यंत्राचा प्राण आहे.

मग पडदा ताणायचा. सपाट मेजावर मायलर पसरून कडेने वजने टांगून, किंवा चौकटीखाली सायकलची ट्यूब ठेवून ती पंपाने फुगवून, चारी बाजूंनी सारखी ओढ देतात. होय, सायकलची ट्यूब! घरी असे स्पीकर बांधणाऱ्या हौशी लोकांत ही युक्ती चांगलीच रुळलेली आहे, आणि पंपाचे हवामापक पाहून पुढच्या खेपेला तितकाच ताण देता येतो. ताण कमी पडला तर विद्युत्भाराच्या ओढीने पडदा एका जाळीला जाऊन चिकटतो. जास्त झाला तर खर्ज दुबळा होतो. तबल्याच्या वादीचे आणि याचे गणित वेगळे नाही. चौकटीवर डिंक लावून पडदा चिकटला, की गरम हवेचा झोत फिरवून उरल्यासुरल्या सुरकुत्या काढतात.

यानंतर येतो लेप, आणि खरी परीक्षा येथे आहे. पडद्यावर विद्युत्भार पसरावा म्हणून लेप वीज वाहणारा हवा; पण तो अगदी नाखुशीने वाहणारा हवा. लेपातून वीज सहज धावू लागली, तर पडदा हलताना भार एका जागेहून दुसरीकडे पळतो, ओढ सारखी राहत नाही आणि आवाज बिघडतो. शिवाय ठिणगी पडली तर साऱ्या पडद्यावरचा भार त्या एका बिंदूकडे धाव घेतो आणि भोक मोठे होते. भार जागच्या जागी राहिला पाहिजे, हे तत्त्व वॉकर यांच्या रचनेचा पाया होते. पुष्कळ हौशी लोक ग्रॅफाइटची पूड कापसाने पडद्यावर घासतात. ते चालते, पण घासल्यावर पुन्हा पुन्हा पुसून ती इतकी विरळ करावी लागते की डोळ्यांना जेमतेम दिसावी. 'चांगला काळाभोर' लेप देणाऱ्याने स्पीकर दुरुस्त केला नाही. त्याने त्याचे शील बदलले.

दुरुस्ती कोठे संपते आणि फेरफार कोठे सुरू होतो, हा या विषयातला खरा वादाचा प्रश्न. जगात आज इंग्लंड, जर्मनी, हॉलंड, अमेरिका येथे या स्पीकरांची दुरुस्ती करणारे लहान लहान कारखाने आहेत आणि त्यांच्यात मतभेदही आहेत. कोणी मूळ जाडीचाच पडदा घालतो, कोणी आधुनिक पडदा पसंत करतो. कोणी स्पीकर उंच स्टँडवर चढवतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत मार्क लेविन्सन यांनी तर एकावर एक असे दोन-दोन क्वाड रचले, खर्जासाठी हार्टलीचे मोठे स्पीकर आणि टिपेच्या स्वरांसाठी डेक्काचे रिबन जोडले, आणि तिन्ही नावांची आद्याक्षरे घेऊन त्या रचनेला 'एचक्यूडी' असे नाव दिले.

या साऱ्यांना एका मापाने मोजता येणार नाही. आमच्या मते फेरफारांचे तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग रक्षणाचा. लाट ३३ व्होल्टच्या वर जाऊ लागली की तिला तेथेच अडविणारी लहानशी जोडणी बसविणे, फाटलेले धूळ-आवरण बदलणे, थकलेल्या साखळीत नवे डायोड घालणे. यांत आवाजाचा स्वभाव बदलत नाही, आयुष्य वाढते. हे निःशंक करावे. दुसरा वर्ग मांडणीचा. स्टँड लावणे, खर्जाला वेगळा स्पीकर जोडीला देणे. मन बदलले तर हे दुसऱ्या दिवशी काढून ठेवता येते. हेही खुशाल करावे. पण त्याआधी एक बिनखर्ची प्रयोग करून पाहावा: हा स्पीकर पुढे गातो तितकाच मागेही गातो, तेव्हा त्याला भिंतीपासून चांगला हात-दोन हात पुढे ओढावा. कित्येक 'बिघाड' एवढ्यानेच बरे होतात.

तिसरा वर्ग स्वभाव बदलण्याचा. वेगळी फट, वेगळा ताण, वेगळा लेप, ट्रान्सफॉर्मर बदलणे, तिन्ही भागांतील स्वरांची वाटणी नव्याने करणे. येथे मात्र हात आखडता घ्यावा. कारण ही वाटणी एकमेकींच्या आधाराने केलेली असते. एक धागा ओढला की दुसरा सैल होतो. दुरुस्त्याला वाटते, आपण उंच स्वर अधिक तेजस्वी केले. ऐकणाऱ्याला आठवडाभरात कळते की गवयाच्या आवाजातली गोलाई गेली. आणि तोवर मूळ सुटे भाग केराच्या टोपलीत गेलेले असतात. ज्यांना प्रयोग करावयाचाच आहे त्यांनी निदान काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कोणाला माघारी जाण्याची वाट राहील.

याबाबत खुद्द वॉकर यांचे वर्तन बोधप्रद आहे. आपल्या स्पीकरचे दोष त्यांना इतर कोणाहूनही अधिक ठाऊक होते. १९६३ साली त्यांनी नव्या रचनेवर काम सुरू केले. एकात एक बसणारी वर्तुळे, आतल्या वर्तुळाचा आवाज आधी आणि बाहेरच्याचा क्षणार्ध उशिरा, म्हणजे सबंध पडदा जणू मागच्या एका बिंदूतून गातो आहे असे वाटावे, अशी ती कल्पना. ठिणगी पडण्याचा संभव दिसताच आवाज आपोआप रोखणारी योजनाही तीत होती. हा नवा स्पीकर बाजारात यावयास १९८१ साल उजाडले. अठरा वर्षे त्यांनी धीर धरला, पण जुन्याच्या पोटात नवे कोंबले नाही. नवे वाद्य वेगळे बांधले, आणि पुढची काही वर्षे जुनेही तसेच तयार करीत राहिले.

आपल्याकडे हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बांधले आणि दुरुस्त केले. तारेने घोडीवर चरे पाडले की झंकार बसतो. मग कारागीर घोडी हलक्या हाताने घासून पुन्हा जवारी काढतो. किती घासायचे हे तो पट्टीने मोजत नाही. तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हात देतो. जवारी खुली हवी की बंद, हे तो आपल्या आवडीने ठरवीत नाही. तंबोरा ज्याचा, त्याच्या गळ्याला विचारून ठरवितो. त्याच मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तंबोऱ्यांविषयी जाणती मंडळी आजही बोलतात, ती या कानाच्या शिस्तीमुळे.

म्हणून स्पीकर दुरुस्त होऊन आला म्हणजे मीटरचे आकडे पाहावेत, पण तेवढ्यावर पावती देऊ नये. दोन्ही बाजू सारख्या बोलतात ना, हे आधी पाहावे. मग वर्षानुवर्षे ओळखीची असलेली एखादी तबकडी लावावी. शक्य तर अशी, जिच्यात आरंभी नुसते तंबोरे आहेत. आवाज वाढवू नये. दिवा मंद करून स्वस्थ बसावे. तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, त्यांच्यामधून तो पाचवा, न छेडलेला गंधार हळूच वर आला, आणि जाळीच्या मागे पूर्वीचेच कोणी येऊन बसले आहे असे वाटले, तर दुरुस्त्याला त्याची मजुरी आनंदाने द्यावी. पडदा नवा आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. गाण्याला ते कळता कामा नये.